तहान आणि बुडीत : धरणविरोधी आंदोलनाशी निगडित मराठी साहित्याचे वऱ्हाडच्या दृष्टीने पुनर्वाचन

सारांश : मोठ्या धरणांना झालेल्या विरोधातून आणि धरणग्रस्तांच्या अनुभवातून मराठीत वैचारिक लेखन, कविता आणि कादंबरी अशा तिन्ही अंगांनी लेखन झाले आहे. या लेखनाची समीक्षा प्रामुख्याने 'विस्थापितांच्या दुःखाचे चित्रण' या अंगाने झाली. वऱ्हाडची साहित्यपरंपरा मात्र पाण्याच्या अभावाची आहे आणि येथील सार्वजनिक मागणीही धरणांचा अनुशेष भरून काढण्याची आहे. अशा प्रदेशातील वाचक धरणविरोधी साहित्य वाचतो तेव्हा त्याची भूमिका तटस्थ सहानुभूतीदाराची राहू शकत नाही. तो संभाव्य लाभधारक असतो. या भूमिकेतून मुळशी सत्याग्रहावरील लेखन, दया पवार यांची कविता, विश्वास पाटील यांची 'झाडाझडती' आणि वाहरू सोनवणे यांची कविता यांचे पुनर्वाचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : धरणग्रस्त, लाभक्षेत्र, बुडीत क्षेत्र, अनुशेष, खारपाणपट्टा, प्रतिनिधित्व.

१. प्रस्तावना

पाटबंधारे खात्याच्या परिभाषेत प्रत्येक धरण दोन क्षेत्रे निर्माण करते. भिंतीच्या वरच्या बाजूस बुडीत क्षेत्र आणि खालच्या बाजूस लाभक्षेत्र. पहिल्या क्षेत्रातील माणसाला 'प्रकल्पग्रस्त' म्हणतात, दुसऱ्यातील माणसाला 'लाभधारक'. मराठी साहित्याने या दोहोंपैकी पहिल्याचे दुःख बऱ्यापैकी टिपले आहे. दुसऱ्याकडे साहित्याचे आणि समीक्षेचेही फारसे लक्ष गेलेले नाही. परिणामी धरणावरील कलाकृती वाचणारा वाचक स्वतःला नकळत एका तिसऱ्या, सुरक्षित जागी उभा करतो. तो विस्थापितांसाठी हळहळतो, शासनाच्या निष्ठुरतेवर संतापतो आणि पुस्तक मिटतो. आपल्या नळाचे, विजेचे वा उसाचे पाणी कोणत्या गावावरून आले, हा प्रश्न त्याला पडत नाही.

अमरावती, अकोला, बुलडाणा आणि यवतमाळ या वऱ्हाडच्या जिल्ह्यांत या प्रश्नाला वेगळी धार आहे. येथील लोकमत सिंचनाच्या अनुशेषाभोवती घडलेले आहे. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये प्रादेशिक असमतोलाचा हिशेब मांडला आणि विदर्भाच्या वाट्याला आलेल्या अपुऱ्या सिंचनाला अधिकृत आकडेवारीचा आधार मिळाला. तेव्हापासून 'आमच्या वाट्याची धरणे कोठे आहेत?' हा या प्रदेशाचा राजकीय प्रश्न राहिला आहे. ज्या प्रदेशाला धरणे कमी मिळाली त्या प्रदेशातील महाविद्यालयांत धरणविरोधी साहित्य कसे वाचावे व शिकवावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

२. मुळशी : पहिला संघर्ष आणि त्याचे लेखन

मोठ्या धरणाविरुद्धच्या संघटित प्रतिकाराचा महाराष्ट्रातील प्रारंभ पुणे जिल्ह्यातील मुळशी पेट्यात झाला. नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीने जलविद्युत प्रकल्पासाठी धरण बांधावयास घेतले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. सेनापती पां. म. बापट आणि वि. म. भुस्कुटे यांची नावे या लढ्याशी कायमची जोडली गेली. १९२४ च्या अखेरीस लढा संपला, धरण पूर्ण झाले आणि वीज मुंबईला गेली.

भुस्कुटे यांचे 'मुळशी सत्याग्रह' हे पुस्तक प्रत्यक्ष सहभागी कार्यकर्त्याचे लेखन आहे. पुढे राजेंद्र व्होरा यांनी याच विषयावर अभ्यासकाच्या शिस्तीने ग्रंथ लिहिला. दोन्ही लेखनांची तुलना उद्बोधक ठरते. सहभागी लेखकाच्या कथनात संघर्षाची दोन टोके ठळक असतात : एका बाजूस कंपनी व परकीय सरकार, दुसऱ्या बाजूस सत्याग्रही. व्होरा यांच्या विश्लेषणात दुसरी बाजू एकसंध राहत नाही. जमीन कसणारे मावळे, त्यांच्या जमिनी गहाण घेतलेले सावकार आणि पुण्यातील राष्ट्रीय चळवळीचे पुढारी असे तीन हितसंबंध तेथे वेगळे दिसू लागतात. नुकसानभरपाईची रक्कम वाढली की सावकाराचा प्रश्न सुटतो, कुळाचा सुटत नाही. जमीन गेल्यावर कुळाच्या हाती दाखवायला कागदही उरत नाही.

मुळशीच्या लेखनातून मिळणारे हे भान पुढील सर्व धरणसाहित्याच्या वाचनास उपयोगी आहे. 'धरणग्रस्त' हा एकच शब्द मालक, कूळ, शेतमजूर, बलुतेदार आणि वनजमीन कसणारा आदिवासी या सर्वांना झाकून टाकतो. १८९४ च्या भूसंपादन कायद्याने मोबदला ठरविला तो मालकी हक्काचा. ज्याची मालकी नोंदलेली नाही त्याचे नुकसान कायद्याच्या दृष्टीने जवळजवळ घडतच नाही. हा कायदा १ जानेवारी २०१४ पासून रद्द झाला आणि त्याच्या जागी २०१३ चा नवा कायदा आला. महाराष्ट्रातील बहुतेक मोठी धरणे मात्र जुन्या कायद्याच्या काळातच उभी राहिली.

३. राबणारा हात : दया पवार यांची कविता

दलित साहित्याने धरणाकडे तिसऱ्याच बाजूने पाहिले. दया पवार यांच्या धरणावर राबणाऱ्या स्त्रीच्या कवितेत बोलणारी स्त्री विस्थापित नाही आणि लाभधारकही नाही. ती धरण बांधणारी मजूर आहे. पहाटेपासून घरचे काम उरकून, लेकराला मागे ठेवून ती मातीच्या पाट्या वाहते. तिच्या श्रमातून साठलेले पाणी दुसऱ्यांच्या उसाला मिळते आणि तिला पिण्याच्या पाण्यासाठी वणवण करावी लागते. ही कविता चळवळींच्या मंचावरून गायली गेली आणि ओवीच्या लयीमुळे लोकगीतासारखी पसरली.

या कवितेचे वैशिष्ट्य असे की, ती धरण नको असे म्हणत नाही. धरणाच्या पाण्यावर बांधणाऱ्याचा हक्क का नाही, असे ती विचारते. प्रश्नाचा रोख धरणाच्या भिंतीकडून पाण्याच्या वाटपाकडे वळतो. बुडीत क्षेत्र आणि लाभक्षेत्र या दोन्ही कल्पना जमीनधारकाला गृहीत धरतात. ज्याला जमीनच नाही तो दोन्हीकडे मोजला जात नाही. कालव्याचे पाणी कालव्याशेजारच्या जमिनीच्या प्रमाणात मिळत असेल, तर भूमिहीनाच्या वाट्याला मजुरीखेरीज काही येत नाही.

महाराष्ट्रातील काही प्रयोगांनी या प्रश्नाला कृतीतून उत्तर देण्याचा प्रयत्न केला. विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात सुरू केलेल्या पाणी पंचायतीने पाण्याचा हक्क जमिनीच्या आकाराशी न जोडता कुटुंबातील माणसांशी जोडला, भूमिहीनांनाही वाटा दिला आणि उसासारख्या पिकावर बंधन घातले. सांगली जिल्ह्यात येरळा नदीवर लोकांनी उभारलेल्या बळीराजा धरणाच्या मागेही समन्यायी वाटपाची हीच भूमिका होती. मोठ्या धरणांना विरोध करणारे पाण्यालाच विरोध करतात, हा आक्षेप या प्रयोगांकडे पाहता टिकत नाही. दया पवार यांच्या कवितेचे वाचन केवळ 'श्रमिक स्त्रीची वेदना' या मथळ्याखाली संपविले, तर तिच्यातील वाटपाचा विचार हरवतो.

४. 'झाडाझडती' : करुणेच्या पलीकडे

विश्वास पाटील यांची 'झाडाझडती' ही कादंबरी १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिला १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. लेखक स्वतः महसूल प्रशासनात अधिकारी असल्याने भूसंपादनाची यंत्रणा आतून ठाऊक असलेल्या माणसाचे हे लेखन आहे. त्यामुळे धरणग्रस्तांच्या यातनांइतकीच कागदपत्रांची भाषा या कादंबरीत महत्त्वाची ठरते. नोटिसा, याद्या, दाखले, मोजणी, निवाडे यांच्या मालिकेतून एक अख्खे गाव हळूहळू विरघळत जाते. पाणी चढण्याच्या कितीतरी आधी हे गाव कागदावर बुडालेले असते. खैरमोडे गुरुजींसारखी शिकलेली, कायद्यावर विश्वास ठेवणारी व्यक्तीही या कागदी पुरापुढे हतबल होते.

कादंबरीची पार्श्वभूमी समजून घेण्यासाठी त्या काळातील चळवळीचा संदर्भ आवश्यक आहे. १९७० च्या दशकात बाबा आढाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील धरणग्रस्तांना संघटित केले. 'आधी पुनर्वसन, मग धरण' ही घोषणा त्यांतून पुढे आली. १९७६ मध्ये राज्याने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. त्यानंतर १९८६ आणि १९९९ मध्ये नवे कायदे झाले. या कायद्यांतील मध्यवर्ती कल्पना अशी की, लाभक्षेत्रातील मोठ्या खातेदारांनी आपल्या जमिनीचा काही भाग विस्थापितांसाठी द्यावा. ज्याला पाणी मिळणार त्याने ज्याची जमीन बुडाली त्याला जागा द्यावी, हे तत्त्व न्याय्य आहे. त्याची अंमलबजावणी मात्र लाभक्षेत्रातील प्रभावशाली वर्गाच्या हाती गेली.

'झाडाझडती'चे सामर्थ्य नेमके येथे आहे. खलनायक केवळ मुंबईत किंवा जिल्ह्याच्या कचेरीत बसलेला नाही. विस्थापित जेथे वसविले जातात तेथे त्यांना 'आपले' म्हणणारे कोणी नाही. पर्यायी जमीन मिळते ती नापीक वा वादग्रस्त, आणि शेजारी गावाला हे आगंतुक नकोसे असतात. कादंबरी वाचकाला लाभक्षेत्राच्या शिवारात आणून सोडते. तेथे शासन, ठेकेदार आणि पुढारी यांच्याबरोबर सामान्य शेतकरीही आरोपीच्या पिंजऱ्यात येतो.

समीक्षेने या बाजूकडे पुरेसे पाहिलेले नाही. 'झाडाझडती'ला ग्रामीण कादंबरीच्या परंपरेत स्थान दिले गेले, तिच्यातील भ्रष्टाचाराचे चित्रण वाखाणले गेले, तिच्यातील भावनातिरेकाची चर्चाही झाली. काही प्रसंगांत लेखक दुःखाचे थर चढवीत जातो आणि पात्रे प्रातिनिधिक होऊन राहतात, हा आक्षेप रास्त आहे. आणखी एक मर्यादा नोंदविली पाहिजे. या कादंबरीचे केंद्र नदी नाही. जमीन आणि सरकारी कागद हे आहे. नदीचा प्रवाह अडल्याने मासेमारी, गाळपेर, नदीकाठची शेती आणि खालच्या गावांचे पाणी यांचे काय होते, हा विचार तिच्या परिघात येत नाही. या मर्यादा मान्य करूनही लाभधारकाची जबाबदारी इतक्या स्पष्टपणे मांडणारी दुसरी मराठी कादंबरी नाही, हे मान्य करावे लागते.

५. नर्मदा खोरे आणि प्रतिनिधित्वाचा प्रश्न

नदी आणि समाज या दोहोंचे एकत्रित रक्षण ही भूमिका महाराष्ट्रात ठळकपणे मांडली ती नर्मदा बचाव आंदोलनाने. सरदार सरोवराच्या बुडीत क्षेत्रात महाराष्ट्रातील ३३ गावे येत होती. अक्कलकुवा आणि अक्राणी या तालुक्यांतील ही आदिवासी गावे आज नंदुरबार जिल्ह्यात आहेत. १९७९ च्या जलतंटा लवादाच्या निवाड्याने जमिनीच्या बदल्यात जमीन हे तत्त्व मान्य केले होते. प्रत्यक्षात पिढ्यान्पिढ्या कसल्या जाणाऱ्या अनेक जमिनींची महसुली नोंदच नव्हती आणि कसणारा कागदावर अतिक्रमणदार ठरत होता. मुळशीच्या कुळाचा प्रश्न येथे नव्या रूपात परतला. मेधा पाटकर यांच्या नेतृत्वाखाली मणिबेलीसह अनेक गावांनी प्रतिकार केला. मोर्स आयोगाचा अहवाल १९९२ मध्ये आला आणि १९९३ मध्ये जागतिक बँकेचे उर्वरित कर्ज थांबले. सर्वोच्च न्यायालयाने १८ ऑक्टोबर २००० रोजी बहुमताच्या निकालाने धरणाची उंची टप्प्याटप्प्याने वाढविण्यास वाट मोकळी केली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये जागतिक धरण आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. मेधा पाटकर या आयोगाच्या सदस्य होत्या. १७ सप्टेंबर २०१७ रोजी सरदार सरोवराचे लोकार्पण झाले.

या आंदोलनाशी विदर्भाचे नाते बाबा आमटे यांच्यामुळे जोडले गेले. त्यांनी त्याआधी १९८० च्या दशकात गडचिरोलीच्या सीमेवरील इंचमपल्ली व भोपालपटनम या नियोजित धरणांना विरोध केला होता. १९९० मध्ये आनंदवन सोडून ते नर्मदाकाठी कसरावद येथे जाऊन राहिले. त्यांच्या लेखनात नदीचे रूप मातेचे व संस्कृतीचे आहे. हा सूर पुढे आंदोलनाच्या गाण्यांत, घोषणांत आणि पत्रकांतही आढळतो. त्याचे आवाहन मोठे असले तरी त्यात एक धोका आहे. नदी पवित्र आणि आदिवासी निरागस असे चित्र उभे राहिले की, आदिवासी माणूस स्वतः काय मागतो हे ऐकण्याची गरज उरत नाही. अरुंधती रॉय यांच्या १९९९ च्या निबंधावर रामचंद्र गुहा यांनी घेतलेल्या आक्षेपांमुळे झालेला वादही अखेर, चळवळीची बाजू मांडणाऱ्या लेखकाने आपला आवाज किती मोठा ठेवावा, याच प्रश्नाकडे येतो.

मराठीत या प्रश्नाचे सर्वांत नेमके उत्तर एका भिल्ल कवीने दिले आहे. शहादा परिसरातील श्रमिक चळवळीचे कार्यकर्ते वाहरू सोनवणे यांची 'स्टेज' ही कविता धरणाविषयी नाही, तरीही धरणविरोधी साहित्याच्या चर्चेत ती टाळता येत नाही. मंचावर बसलेले लोक खाली बसलेल्यांना त्यांचेच दुःख समजावून सांगतात आणि ज्यांचे दुःख आहे ते मंचावर कधी पोहोचतच नाहीत, असा तिचा आशय आहे. चळवळीच्या आत राहून केलेली ही टीका आहे. तिची दिशा चळवळीच्या शत्रूंकडे नाही, मित्रांकडे आहे.

'स्टेज'च्या कसोटीवर घासले असता धरणावरील मराठी लेखनातील एक उणीव उघड होते. मुळशीचा इतिहास कार्यकर्त्याने व अभ्यासकाने लिहिला, 'झाडाझडती' अधिकाऱ्याने लिहिली, नर्मदेवरचे बहुतेक लेखन शहरातून आलेल्या सहानुभूतीदारांनी केले. या सर्वांचे मोल निर्विवाद आहे. तथापि बुडीत क्षेत्रातील माणसाने स्वतः लिहिलेले, त्याच्या बोलीतील लेखन त्यामानाने थोडे आहे. आंदोलनाने १९९० च्या दशकाच्या प्रारंभी सुरू केलेल्या जीवनशाळांचे महत्त्व या दृष्टीनेही पाहिले पाहिजे. आपल्या भाषेत लिहू शकणारी पिढी तयार झाल्याशिवाय हे साहित्य दुसऱ्यांच्याच हातून लिहिले जाणार.

६. वऱ्हाड : तहानेची साहित्यपरंपरा

या पार्श्वभूमीवर वऱ्हाडच्या साहित्याकडे वळले की, पाण्याचे चित्र उलटे दिसते. उद्धव शेळके यांच्या 'धग' (१९६०) पासून येथील कादंबरीने अभावाचा अनुभव बोलीच्या बळावर मांडला. सदानंद देशमुख यांच्या 'तहान' या कादंबरीचे नावच तिचा विषय सांगते, तर 'बारोमास' या २००४ च्या साहित्य अकादमी पुरस्कारप्राप्त कादंबरीत कोरडवाहू शेती, कर्ज आणि शिकलेल्या एकनाथाची कोंडी येते. या परंपरेत पाणी नसणे हे दुःखाचे मूळ आहे. पाणी येणे हे दुःखाचे कारण होऊ शकते, ही कल्पना तिच्या अनुभवविश्वात सहजी बसत नाही.

याला भूगोलाचा आधार आहे. पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंना अमरावती, अकोला व बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात सुमारे ९०० गावे आहेत. तेथे विहीर खणली तर खारे पाणी लागते. ते पिण्यास योग्य नाही आणि भारी काळ्या जमिनीला दिल्यास जमीन बिघडते. त्या पट्ट्यातील शेतकऱ्याला वरून येणाऱ्या गोड्या पाण्याची वाट पाहण्यावाचून पर्याय नसतो. संत गाडगेबाबांनी ज्या ऋणमोचनच्या घाटापासून आपल्या लोककार्याचा प्रारंभ केला, तो घाटही याच पूर्णेच्या काठी आहे. नदी येथे श्रद्धेचा विषय आहे आणि उन्हाळ्यात वाळूचे पात्रही आहे. नर्मदाकाठच्या बारमाही प्रवाहाची प्रतिमा या वाचकावर लादणे योग्य होणार नाही.

म्हणून वऱ्हाडातील विद्यार्थी 'झाडाझडती' वाचताना एक शंका मनात ठेवूनच वाचतो : पश्चिम महाराष्ट्राने धरणे बांधली, उसाचे मळे फुलविले आणि विस्थापितांवर कादंबरीही लिहिली, आमच्याकडे धरणही नाही आणि कादंबरीही नाही. ही शंका अनुदार वाटली तरी खोटी नाही. वर्गात तिला दाबून न टाकता तिच्यापासूनच चर्चेला आरंभ करणे श्रेयस्कर ठरेल.

७. ऊर्ध्व वर्धा आणि वान : लाभाचा अर्थ

वरील शंकेचे एक उत्तर अमरावती जिल्ह्यातच सापडते. मोर्शी तालुक्यात सिंभोरा येथे वर्धा नदीवर ऊर्ध्व वर्धा धरण उभे राहिले. नळ-दमयंती सागर या नावाने ओळखला जाणारा त्याचा जलाशय जिल्ह्यातील सर्वांत मोठा आहे. या धरणासाठी वर्धेच्या खोऱ्यातील गावे उठली. अनुशेषाच्या भाषेत ही प्रदेशाच्या खात्यावरील जमा होती. पुढे अमरावतीजवळ नांदगाव पेठ येथील खाजगी औष्णिक वीज प्रकल्पासाठी याच धरणातील पाणी राखून ठेवण्याचा निर्णय झाला तेव्हा २०१० च्या सुमारास शेतकरी, कार्यकर्ते आणि विविध पक्षांचे लोक रस्त्यावर आले. सिंचनासाठी म्हणून बांधलेल्या धरणाचे पाणी उद्योगाला कसे वळविता येते, हा त्यांचा प्रश्न होता. राज्याने २००५ मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला होता. २०११ मध्ये त्यात दुरुस्ती करून आधी झालेल्या पाणीवाटपाच्या निर्णयांना संरक्षण देण्यात आले.

मुळशीत पाणी गेले ते मुंबईच्या विजेसाठी. नव्वद वर्षांनी अमरावतीतही पाण्याचा ओघ विजेकडेच वळला. फरक इतकाच की, या वेळी तक्रार करणारे लाभक्षेत्रातील शेतकरी होते. धरणाच्या भिंतीने त्यांना लाभधारक हे नाव दिले होते, लाभ मात्र दुसऱ्या निर्णयाने हिरावला जात होता. आणि ज्यांची जमीन बुडाली त्यांचे काय? ऑगस्ट २०२३ मध्ये ऊर्ध्व वर्धा प्रकल्पातील बाधित शेतकरी मोबदला व अन्य मागण्यांसाठी मुंबईस गेले आणि त्यांतील काहींनी मंत्रालयातील सुरक्षा जाळीवर उड्या घेतल्या. धरण पूर्ण होऊन तीन दशके लोटल्यावरही बुडीत क्षेत्राचा हिशेब मिटलेला नव्हता.

अकोला जिल्ह्यातील वान प्रकल्पाचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. तेल्हारा परिसरातील शेतकऱ्यांनी या धरणातील पाणी अकोला शहरासह अन्य पाणीपुरवठा योजनांकडे वळविण्यास विरोध केला. येथे समोर वीज कंपनी नाही. पिण्याच्या पाण्यासाठी आसुसलेली माणसे आहेत आणि त्यांत खारपाणपट्ट्यातील गावेही आहेत. दोन्ही मागण्या खऱ्या आहेत. कोण आधी, किती आणि कोणाला विचारून, हे ठरविण्याची सर्वमान्य पद्धत नसेल, तर तहानलेली गावे परस्परांच्या विरोधात उभी राहतात.

या दोन्ही घटनांच्या प्रकाशात दया पवार यांच्या कवितेतील मजूर स्त्रीचा प्रश्न वऱ्हाडला परका राहत नाही. 'धरण किती?' हा अनुशेषाचा प्रश्न आहे, 'पाणी कोणाचे?' हा त्या कवितेचा. पहिल्याचे उत्तर मिळाल्याने दुसऱ्याचे मिळत नाही, हे ऊर्ध्व वर्धेने दाखवून दिले.

८. मेळघाट : वाचकाची परीक्षा

वऱ्हाडच्या वाचकाची खरी परीक्षा मात्र सातपुड्यात आहे. तापी खोऱ्यातील पाणी अडवून भूजल पुनर्भरणाद्वारे पूर्णेच्या मैदानापर्यंत नेण्याची योजना अनेक वर्षे चर्चेत आहे. १० मे २०२५ रोजी मध्य प्रदेश व महाराष्ट्र या राज्यांनी या तापी महापुनर्भरण प्रकल्पाबाबत करार केला. त्याचा फायदा अमरावती, अकोला व बुलडाणा जिल्ह्यांना आणि विशेषतः खारपाणपट्ट्याला व्हावा, अशी अपेक्षा आहे. पूर्वीच्या मोठ्या धरणाच्या कल्पनेत गावे आणि मेळघाटचे जंगल बुडीत जाणार होते. सुधारित आराखड्यात गावे विस्थापित होणार नाहीत, अशी शासनाची भूमिका आहे. धारणी तालुक्यातील कोरकू गावांतून या प्रकल्पाविषयी विरोधाचा सूर वेळोवेळी उमटला आहे. त्यामागे व्याघ्र प्रकल्पासाठी झालेल्या पुनर्वसनाचा अनुभवही आहे. मेळघाटातील काही गावे अकोट, तेल्हाऱ्याच्या मैदानात आणून वसविण्यात आली. त्यांतील लोकांनी मिळालेल्या सोयींविषयी तक्रारी करीत पुन्हा जंगलाची वाट धरल्याच्या घटना घडल्या आहेत.

येथे बुडीताची भीती असलेला माणूस आणि तहानलेला माणूस एकाच जिल्ह्याचे रहिवासी आहेत. पहिला कोरकू बोलतो, दुसरा वऱ्हाडी. दोघांची मुले एकाच विद्यापीठाच्या महाविद्यालयांत शिकतात. मैदानातील वाचकाने 'झाडाझडती'तील लाभक्षेत्राच्या गावकऱ्यांवर संताप व्यक्त केला असेल, तर तोच संताप आता त्याला स्वतःच्या शिवाराविषयी तपासून पाहावा लागेल. गाव बुडणार नाही हे आश्वासन कोणी दिले, ते कोठे लिहिले आहे, वनहक्काच्या जमिनी व चराईची कुरणे त्यात धरली आहेत काय, ग्रामसभेला कोणत्या भाषेत माहिती दिली गेली, हे प्रश्न मेळघाटइतकेच खारपाणपट्ट्यातूनही विचारले गेले पाहिजेत. तसे झाले तर पाण्याची मागणी दुबळी होणार नाही. तिला न्यायाचे अधिष्ठान मिळेल.

उलटपक्षी, धरणविरोधी भूमिकेनेही खारपाणपट्ट्याला उत्तर देणे आवश्यक आहे. मोठे धरण नको म्हणताना शेततळी, बंधारे, जलपुनर्भरण आणि पीकपद्धती यांच्या आधारे खाऱ्या पाण्याच्या गावाला किती व कधी पाणी मिळेल, हे सांगितल्याशिवाय ती भूमिका येथे रुजणार नाही. बळीराजा धरण आणि पाणी पंचायत यांची उदाहरणे प्रेरक असली तरी पूर्णेच्या मातीचे प्रश्न वेगळे आहेत. नदीचे रक्षण आणि तहानेचे निवारण यांचा मेळ घालणारे लेखन, वैचारिक आणि ललित दोन्ही, वऱ्हाडातूनच यावे लागेल.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

(१) धरणावरील मराठी साहित्य एकजिनसी नाही. मालक, कूळ, मजूर, आदिवासी आणि लाभधारक यांच्या भूमिका त्यात वेगवेगळ्या आहेत. 'विस्थापितांचे दुःख' या एका सूत्रात त्यांना गुंफल्याने त्यांचा आशय उणावतो.

(२) 'झाडाझडती'चे महत्त्व करुण चित्रणापेक्षा लाभक्षेत्राच्या जबाबदारीच्या मांडणीत अधिक आहे. वऱ्हाडसारख्या सिंचनाची मागणी करणाऱ्या प्रदेशात ती याच अंगाने शिकविली जावी.

(३) दया पवार यांची कविता धरणाच्या प्रश्नाला पाणीवाटपाच्या प्रश्नाकडे नेते. ऊर्ध्व वर्धा व वान येथील वाद तिच्या समकालीनतेची साक्ष देतात.

(४) वाहरू सोनवणे यांची कविता ही या संपूर्ण साहित्याची अंतर्गत कसोटी आहे. दुसऱ्याच्या वतीने बोलणाऱ्या प्रत्येक लेखनाला, समीक्षेलाही, ती लागू पडते.

(५) 'तहान' व 'बारोमास' यांसारख्या कलाकृती 'झाडाझडती'च्या शेजारी ठेवून अभ्यासल्यास पाण्याच्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू विद्यार्थ्यांपुढे एकत्र येतील.

अखेरीस एक सूचना नोंदविणे उचित होईल. ऊर्ध्व वर्धेने उठविलेल्या गावांतील वृद्ध पिढी झपाट्याने कमी होत आहे. त्यांच्या जुन्या गावठाणाच्या, शेतांच्या, यात्रांच्या आणि स्थलांतराच्या आठवणी त्यांच्याच वऱ्हाडी बोलीत, तसेच मेळघाटातून आणलेल्या गावांच्या आठवणी कोरकूत ध्वनिमुद्रित करून लिहून काढण्याचे काम मराठी, समाजशास्त्र व भूगोल विभागांना एकत्रितपणे करता येण्यासारखे आहे. अशा संकलनाशिवाय या प्रदेशाच्या धरणांचा इतिहास केवळ पाणीसाठ्याच्या आणि सिंचनक्षमतेच्या तक्त्यांतूनच वाचावा लागेल.